भट्टीने १२२० अंश दाखवले, तरी कप का पाझरतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विजेच्या भट्टीत स्टोनवेअर (जास्त आचेवर घट्ट होणाऱ्या) मातीचे कप भाजले. कंट्रोलर १२२० अंश सेल्सिअसला लावला होता आणि तो आकडा येताच भट्टी बंद झाली. वरच्या शेल्फवरचे कप चकचकीत निघाले, खालच्या शेल्फवरचे पांढुरके आणि हाताला खरखरीत. चकचकीत कपांमध्ये पाणी भरून ठेवलं तरी टेबलावर ओला गोल उमटतो. मातीच्या पिशवीवर ‘कोन ६ ते १०’ लिहिलंय, ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या) डब्यावर ‘कोन ६’. (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा छोटा सुळका, ठराविक आच लागली की तो वाकून पडतो. त्याचा क्रमांक म्हणजे आचेची पातळी.) माती खराब आहे का, कप परत भाजता येतील का आणि आहेत तसे वापरले तर चालतील का, हे तुम्हाला हवंय.

या एका प्रश्नात दोन तक्रारी आहेत आणि त्या आधी सुट्या करायला हव्यात. खरखरीत पांढुरका थर म्हणजे ग्लेझ पुरतं वितळलेलं नाही. टेबलावरचा ओला गोल म्हणजे माती पुरती पक्व झालेली नाही. भट्टीत ग्लेझ आणि माती शेजारी शेजारी तापतात, पण दोघांचं पिकण्याचं ठिकाण एकच असेल असं नाही. तुमच्या वरच्या शेल्फवर नेमकं हेच दिसतंय: ग्लेझ पिकलं, माती नाही. म्हणून ‘अजून थोडं तापवा’ एवढं उत्तर पुरणार नाही. खालचे कप बहुधा वाचतील. वरच्यांचं काय होईल ते तुमच्या मातीवर ठरेल आणि ते शोधायला एक छोटी चाचणी करावी लागेल.

आधी मातीत काय घडतं ते बघू. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतलं रासायनिक पाणी निघून जातं आणि त्यानंतर ती पाण्यात घातली तरी परत चिखल होत नाही. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, बहुतेक जण कोन ०६ ते ०४ म्हणजे साधारण १००० ते १०६० अंशांपर्यंत करतात. तिथे कण एकमेकांना धरून बसतात, पण मधल्या पोकळ्या तशाच राहतात, आणि त्या हव्याच असतात, नाहीतर ग्लेझमधलं पाणी शोषलं जाणार नाही आणि थर बसणार नाही. त्यापुढे मातीतलं फेल्डस्पार हे खनिज वितळायला लागतं. त्याची काच होऊन पोकळ्यांमध्ये उतरते, भांडं आकसतं, घट्ट होतं. ही काच पुरेशी झाली नाही की पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि पाणी त्यांतून वाट काढत बुडाशी येतं. आतून ग्लेझ आहे मग पाणी जातं कुठून, असं वाटेल. ग्लेझला केसासारखी एक चीर किंवा एक बारीक भोक असलं तरी ते पुरतं. शिवाय कप धुताना किंवा पाण्यात बुडवून ठेवताना बुडाच्या बिनग्लेझच्या कडेतूनही पाणी आत शिरतं.

‘ग्लेझ लावलं म्हणजे भांडं जलरोधक झालं’ या समजुतीने स्टोनवेअर करणाऱ्यांचं फार नुकसान होतं. कच्च्या अंगावरचं ग्लेझ आज अखंड दिसलं तरी कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी चिरू शकतं. सच्छिद्र माती ओलावा पिऊन किंचित फुगते, वरची काच तेवढी ताणली जात नाही आणि बारीक जाळी उमटते. मग त्या जाळीतून चहा-कॉफीचे डाग आत जातात, ते निघत नाहीत आणि कपाला कुबट वास यायला लागतो.

आता मोजमाप. माती किती कच्ची आहे हे डोळ्यांनी कळत नाही, ते वजनावरून काढायचं. शक्यतो त्याच भाजणीतला, त्याच मातीचा, बिनग्लेझचा तुकडा घ्या. ग्लेझ पाणी पीत नाही, त्यामुळे ग्लेझ केलेल्या कपाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तुकडा ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास ठेवून पूर्ण कोरडा करा आणि थंड झाल्याबरोबर वजन करा. मग पाण्यात पूर्ण बुडवून पाच तास उकळा आणि त्याच पाण्यात चोवीस तास राहू द्या. उकळायचं कारण असं की नुसत्या भिजवण्याने बारीक पोकळ्यांमधली हवा निघत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. बाहेर काढल्यावर ओलसर, पिळलेल्या फडक्याने वरचं पाणी टिपा आणि लगेच परत वजन करा. ओल्या वजनातून कोरडं वजन वजा करा, कोरड्या वजनाने भागा, शंभराने गुणा. कोरडं ३४० ग्रॅम आणि ओलं ३५७ ग्रॅम असेल तर १७ भागिले ३४०, म्हणजे ५ टक्के शोषण. काटा निदान एक ग्रॅम दाखवणारा हवा. तुकडा पन्नास ग्रॅमचा असेल तर ०.१ ग्रॅमचा काटा हवा, नाहीतर हिशोबाला अर्थ नाही.

किती शोषण चालेल, हे वस्तूवर आणि मातीच्या जातीवर आहे. लाल मातीची, कमी आचेवर भाजलेली भांडी दहा टक्के किंवा त्याहून जास्त पाणी पितात आणि तरी ती कच्ची नसतात, ती तशीच असायची असतात. पाणी गार ठेवणाऱ्या भांड्यात तर पाझरणं हाच गुण. पोर्सेलिनला अर्ध्या टक्क्याच्या आत असावं लागतं. स्टोनवेअरच्या रोजच्या वापरातल्या कपासाठी मी दोन टक्क्यांची सीमा धरते आणि एकच्या आसपास आलं तर निर्धास्त होते. तीनच्या वर गेलं की मी त्या मातीचे कप करत नाही, पिशवीवर काहीही लिहिलेलं असो.

वजनकाटा हाताशी नसेल तर अंदाज घ्यायला दोन सोप्या युक्त्या आहेत. बुडाच्या बिनग्लेझच्या कडेवर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाका, दोन मिनिटं थांबा आणि पाण्याखाली चोळून धुवा. डाग जवळजवळ निघून गेला तर अंग घट्ट आहे, शाई आत पसरून निळा ठिपका कायम राहिला तर कच्चं आहे. दुसरी, कप तळहातावर ठेवून लाकडी दांड्याने काठावर हलकी टिचकी मारा. पिकलेला कप खणखणतो, कच्चा बद्द वाजतो. मात्र चिरलेला कपही बद्दच वाजतो, म्हणून एकट्या आवाजावर विसंबू नका.

पिशवीवरच्या ‘कोन ६ ते १०’ याकडे वळू, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे. चार कोनांचा पल्ला म्हणजे सहाला साधारण १२२० आणि दहाला साधारण १२८५ अंश. एकच माती या दोन्ही टोकांना सारखीच पक्व होणं कठीण आहे. दहाला ती घट्ट असेल तर सहाला तिच्यात पुरेशी काच झालेली नसते आणि सहाला घट्ट असेल तर दहाला ती फुगायला किंवा वाकायला लागते. असा पल्ला लिहिलेली माती बहुतेक वेळा मुळात कोन १० ची असते. सहाला ती मोडत नाही, आकार धरते, ग्लेझ छान बसतं, एवढाच त्या ‘६’ चा अर्थ. चांगले विक्रेते प्रत्येक कोनाला किती शोषण आणि किती आकुंचन येतं याचा तक्ता देतात. तो मागा. तक्त्यात कोन ६ पुढे चार-पाच टक्के लिहिलेलं असेल तर तुमच्या ओल्या गोलाचं उत्तर तिथेच आहे आणि भट्टीचा त्यात काही दोष नाही.

तक्ता मिळाला नाही तर स्वतः काढा. ओल्या मातीची पट्टी लाटा, तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ कोरा आणि पुढच्या भाजणीत ती कोन ६ च्या शेजारी, बिनग्लेझ ठेवा. कोन खरोखर पडला, तरी पट्टीचं शोषण पाच टक्के आलं, तर मातीच चुकीची आहे. कोन पडल्यावर शोषण दीडवर उतरलं, तर माती बरोबर आहे आणि आधीची भाजणी कमी पडली होती. त्याच पट्टीवरून आकुंचनही कळतं: रेघ ८.८ सेंटिमीटर झाली तर बारा टक्के. हा आकडा वहीत ठेवा. पुढे कधी तीच माती दहाच टक्के आकसली, तर बाकी काही न बघता कळतं की आच कमी पडली.

यात ‘कोन शेजारी ठेवा’ हे मी सहज लिहून गेले, पण तुमच्या वर्णनात कोन कुठेच नाही आणि माझा दुसरा संशय तो आहे. कंट्रोलर तापमान सांगतो, तेही थर्मोकपलच्या (भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या तारेच्या) टोकापाशी जेवढं आहे तेवढंच. माती आणि ग्लेझ पिकायला तापमान आणि वेळ दोन्ही लागतात. कोन हे सिरॅमिकचेच मिश्रण असल्याने तो दोन्हींचा एकत्रित परिणाम दाखवतो. फरक किती पडतो बघा. शेवटचे शंभर अंश ताशी ६० च्या वेगाने चढवले तर ऑर्टन या कोन बनवणाऱ्या संस्थेचा स्वतः उभा राहणारा मोठा कोन ६ सुमारे १२२२ ला वाकतो. तेच शंभर अंश ताशी १५० च्या वेगाने चढवले तर तो वाकायला सुमारे १२४३ लागतात. म्हणजे भट्टी वेगाने १२२० ला नेऊन तत्क्षणी बंद केली तर कंट्रोलरवर आकडा बरोबर आणि आत भाजणी जेमतेम कोन ५ ची. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ‘कोन’ आणि ‘तापमान’ असे दोन मार्ग असतात. कोनाच्या मार्गात तो चढण्याचा वेग लक्षात घेऊन शेवटचं तापमान स्वतः बदलतो, तापमानाच्या मार्गात तुम्ही दिलेल्या आकड्यावर मुकाट थांबतो. तुम्ही दुसरा मार्ग वापरलेला दिसतोय.

जाता जाता एक खात्री करून घ्या. ०६ आणि ६ हे वेगळे कोन आहेत. शून्य पुढे असलेले आकडे उलटे चालतात: ०६ सुमारे १००० अंशांचा, ०४ त्याहून गरम आणि ६ तर ०६ पेक्षा सव्वादोनशे अंश वर. तुमच्या बाबतीत हा घोळ झालेला नाही, पण ‘ग्लेझ अगदी खडूसारखं राहिलं’ अशी तक्रार आली की मी आधी हाच आकडा विचारते.

दर भाजणीत प्रत्येक शेल्फवर तीन कोनांचा जुडगा ठेवा: ५, ६, ७. स्वतः उभे राहणारे कोन असतील तर त्यांचा कल तयारच असतो. साधे मोठे कोन मातीच्या वळकटीत रोवावे लागतात, ते सरळ नव्हे तर साधारण आठ अंश कललेले आणि सगळे एकाच दिशेला. वळकटीला काडीने भरपूर भोकं पाडा आणि ती आधीच सुकवून ठेवा, नाहीतर भट्टीत फुटून कपांवर तुकडे उडतील. भट्टी उघडल्यावर ५ पूर्ण पडलेला, ६ चं टोक बुडाच्या पातळीला आलेलं आणि ७ जवळजवळ उभा दिसला की भाजणी बरोबर झाली. खालच्या शेल्फवर ५ अर्धा वाकलेला आणि ६ सरळ उभा दिसला, तर तिथले कप खरखरीत का आले हे वेगळं सांगायला नको.

वर-खाली इतका फरक का पडतो? विजेच्या भट्टीत तळ आणि झाकणाजवळचा भाग थंड असतो, कारण तिथून उष्णता बाहेर जाते आणि एलिमेंट (तापणाऱ्या तारा) बाजूच्या भिंतींत असतात. त्यात खालचं शेल्फ सरळ तळावर ठेवलं असेल, वर जाड शेल्फ आणि जवळजवळ रचलेले बुटके कप असतील, तर ती जागा सर्वांत उशिरा तापते. खालच्या शेल्फखाली अडीच सेंटिमीटरचे तरी टेकू द्या. शेल्फ आणि भिंत यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर मोकळे ठेवा. दाटीवाटीची बुटकी भांडी मधल्या भागात न्या, खाली उंच आणि सुटी भांडी ठेवा. थर्मोकपलचं टोक शेल्फच्या अगदी समोर येऊ देऊ नका. शेल्फ आणि त्यावरची भांडी सावकाश तापतात, म्हणून टोक त्यांना खेटून असेल तर तो भाग सांगेल तेच कंट्रोलर सगळ्या भट्टीचं तापमान समजतो. टोक भट्टीच्या मोकळ्या जागेत दोन-अडीच सेंटिमीटर तरी डोकावायला हवं. जुन्या थर्मोकपलचं वाचनही हळूहळू सरकतं. कोन काय म्हणतो आणि कंट्रोलर काय म्हणतो यातला फरक एकदा कळला की बहुतेक कंट्रोलरमध्ये तेवढी दुरुस्ती भरता येते. एवढं सगळं करूनही वर-खाली अर्ध्या कोनाचा फरक राहू शकतो. तो मान्य करा आणि लवकर वितळणारं ग्लेझ खाली, उशिरा वितळणारं वर अशी मांडणी करा.

तरीही खालचा भाग मागेच राहत असेल तर एलिमेंट तपासा. एक जळालं असलं तरी बाकीचे जोर लावून भट्टीला आकड्यापर्यंत पोचवतात, फक्त वेळ लागतो आणि एक बाजू थंड राहते. कंट्रोलरची नोंद बघा: शेवटचे शंभर अंश पूर्वी दोन तासांत चढत असतील आणि आता चार लागत असतील, तर एलिमेंट म्हातारे झालेत किंवा वीज कमी मिळतेय. एलिमेंट जुनं झालं की त्याचा रोध वाढतो. नव्यापेक्षा दहा टक्के वाढला की बदलायची वेळ आली असं धरतात. मेन स्विच बंद करून, प्लग काढून, मल्टिमीटरने एकेक मोजा. व्होल्टेजचा परिणाम तर लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की शक्ती एकोणीस टक्के उतरते. भट्टी पूर्ण ताकदीवर असताना व्होल्टेज मोजा, रिकाम्या सॉकेटवरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. हे मोजमाप चालू विजेवरचं असल्याने ते जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. एलिमेंटची वीज चालू-बंद करणारा रिले चिकटला किंवा मेला तरी लक्षणं अशीच दिसतात.   

खालचे कप नक्की कमी आचेमुळेच खरखरीत आहेत ना, हेही एकदा पडताळा. ग्लेझ पातळ लागलं तरी खरखर येते. फरक असा ओळखायचा: जिथे ग्लेझ जाड आहे, म्हणजे कानाच्या बेचक्यात, आतल्या तळाला, ओघळ थांबला तिथे, ते चकचकीत असेल आणि फक्त काठावर कोरडं असेल, तर थर पातळ होता. जाड जागीही कोरडं आणि दुधाळ असेल तर आच कमी. ग्लेझ जिथे संपतं ती कड नखाने चाचपा. नीट वितळलेल्या ग्लेझची कड गोलसर, पाण्याच्या थेंबासारखी उतरती असते. न वितळलेल्याची कड धारदार पायरीसारखी राहते आणि ब्रशच्या रेघाही मिटलेल्या नसतात. बारीक भोकं असतील तर ती वेगळी गोष्ट: तिथे ग्लेझ वितळलं होतं, मातीतून वायू निघाले, पण भोकं भरून यायला वेळ मिळाला नाही. याचं मूळ पुष्कळदा कच्च्या किंवा घाईच्या बिस्कमध्ये असतं. तिथे मातीतला कार्बन पूर्ण जळत नाही आणि ग्लेझखालून बाहेर पडायला बघतो. अशा मातीची बिस्क कोन ०४ पर्यंत, सावकाश आणि झडप उघडी ठेवून करावी.

आता पुन्हा भाजणं. खालचे कप परत भाजता येतात आणि बहुतेक वेळा नीट होतात. वर आणखी ग्लेझ लावायची गरज नाही, फक्त पूर्ण आच द्यायची. पण हे कप आता पाणी प्यायलेले असू शकतात आणि त्यांच्यावर अर्धवट काचेचं झाकण आहे. आतल्या पाण्याची वाफ अचानक झाली आणि तिला वाट मिळाली नाही तर कप फुटतो, शेजारच्यांनाही घेऊन जातो. म्हणून आधी धुवा, तेलकट हात लागले असतील तर साबणाने धुवा आणि एक-दोन दिवस सुकू द्या. मग भट्टीत ९० अंशांवर, झाकणाच्या फटीतून किंवा उघड्या भोकातून वाफ जाऊ देत, तीन-चार तास ठेवा. वापरलेल्या कपांना रात्रभर. त्यानंतर ताशी साठच्या वेगाने १५० पर्यंत, पुढे ताशी शंभरने ६०० पर्यंत. वाटेत ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्‌झ एकाएकी आकार बदलतं. घट्ट झालेलं भांडं इथे बिस्कपेक्षा जास्त नाजूक असतं, म्हणून इथे घाई नको. ६०० नंतर ताशी दीडशेने ११२० पर्यंत आणि तिथून शेवटचे शंभर अंश ताशी साठने, कोन ६ वाकेपर्यंत. वर दहा-पंधरा मिनिटं थांबा. भोकांची तक्रार असेल तर तिथून पन्नास-साठ अंश खाली उतरवून अर्धा तास धरून ठेवा. वायू निघणं तोवर मंदावलेलं असतं आणि ग्लेझ अजून वाहतं असतं, म्हणून भोकं भरून येतात. मग भट्टी आपोआप गार होऊ द्या. १०० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नका.

सगळे कप एकदम घालू नका. आधी एकच घाला, त्याच्याबरोबर तीन कोन आणि ती बिनग्लेझची पट्टी. कपाखाली बिस्क केलेल्या मातीची चकती, तिच्यावर अल्युमिना आणि केओलिन सारख्या प्रमाणात कालवून केलेला किल्न वॉश, म्हणजे ग्लेझ चिकटू न देणारा लेप. ग्लेझ ओघळलं तर चकती जाईल, शेल्फ वाचेल. बूड स्वच्छ पुसलेलं असू द्या. कपावर सोनेरी लस्टर (धातूसारखी चमक) किंवा डेकल (चिकटवलेलं छापील चित्र) असेल तर हा नाद सोडा. ते साताठशे अंशांच्या आसपास बसवलेलं असतं, १२२० ला राहणार नाही. काही गुलाबी आणि लाल रंगही दुसऱ्यांदा भाजताना उतरतात.

वरच्या चकचकीत कपांचा निकाल पट्टी लावेल. पट्टीचं शोषण कोन ६ ला दोनच्या आत आलं, तर ते कपही त्याच भाजणीत परत घाला, म्हणजे माती पिकेल. ग्लेझ थोडं जास्त वाहेल, म्हणून चकती त्यांनाही द्या. पट्टी चार-पाचवर अडली तर कितीही वेळा कोन ६ ला भाजलं तरी ओला गोल जाणार नाही. मग मातीला दहा कोनापर्यंत नेऊ असं मनात येईल. नेऊ नका. कोन ६ चं ग्लेझ तिथे पाण्यासारखं होऊन शेल्फवर उतरेल, कप शेल्फला चिकटतील आणि काही ग्लेझ उकळून फोडांनी भरतील. पुढच्या खेपेला एक कोन छापलेली, सहाला दोन टक्क्यांच्या आत शोषण असलेली माती घ्या, किंवा भट्टी तेवढी पेलत असेल तर दहाचं ग्लेझ घेऊन दोन्ही दहाला न्या.

आहेत तसे वापरायचे का, याचं उत्तर दोन्ही शेल्फच्या कपांसाठी वेगळं आहे. खालच्या खरखरीत कपांतून काही पिऊ नका. पुरतं न वितळलेलं ग्लेझ म्हणजे त्यातली द्रव्यं काचेत पक्की बांधली गेलेली नाहीत आणि आंबट पेयात ती सुटू शकतात. ग्लेझमध्ये तांबं, मॅंगनीज, बेरियम असं काही असेल तर हा मुद्दा आणखी गंभीर होतो. परत भाजून चकचकीत झाल्यावरही कपात चोवीस तास व्हिनेगर ठेवून रंग किंवा चकाकी बदलते का ते बघा. बदलली तर कप बाद. बदलली नाही म्हणजे सुरक्षित ठरलं असं मात्र नाही, ते फक्त प्रयोगशाळेतली चाचणी सांगते. वरच्या पाझरणाऱ्या कपांतून पाणी पिऊन लगेच कुणाला बाधा होणार नाही, पण त्यांना मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. मातीत मुरलेलं पाणी तापतं, आतल्या चहापेक्षा कान जास्त चटका देतो आणि कप तडकूही शकतो. विकायला तर ठेवूच नका.

जे कप शेवटी सुधारणार नाहीत त्यांना कुणीतरी बाजारातलं सिलिकॉन सीलर लावायचा सल्ला देईल. फुलदाणीच्या किंवा कुंडीखालच्या बशीच्या बुडाला ते ठीक आहे: वस्तू पूर्ण कोरडी करायची, आतून सीलर फिरवायचं, उरलेलं ओतून टाकायचं, दोन दिवस सुकू द्यायचं. गरम पेय आणि रोजची घासाघीस त्याला सोसत नाही, तेव्हा पिण्याच्या कपाला ते लावू नका. आणि एकदा सीलर लावलं की ती वस्तू परत भट्टीत घालायची नाही, ते जळून धूर होतो. म्हणून पट्टीचा निकाल हातात येईपर्यंत सीलरची बाटली उघडू नका.